बाई, उरलेलं उद्या लिहू का?

मागच्या अंकात मी आमच्या शनिवारच्या लिहिण्याच्या तासाबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲपवर इतके मेसेज आले की या वेळी दुसरा विषयच घेत नाही. ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, मी जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये सत्तावीस वर्षं मराठी शिकवलं, पाचवी ते सातवी, आणि दर शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास मुलांना आपापलं काहीतरी लिहायला ठेवला. गोष्ट, कविता, आठवण, खोटं, काहीही.

ताई, मी शिक्षणसेवक म्हणून नुकताच लागलोय, पाचवीचा वर्ग, पट ३४. 'माझा आवडता प्राणी' दिला तर तीस जणांनी गाय लिहिली आणि सगळ्यांची गाय एकच, चार पाय, दोन शिंगं, एक लांब शेपूट, ती आपल्याला दूध देते. सगळं गाइडमधलं पाठ. स्वतःचं कसं लिहून घ्यायचं यांच्याकडून? – एक शिक्षक, साक्री तालुका

सर, तुमच्या त्या तीस पोरांपैकी निम्म्यांच्या घरी गोठा असेल आणि गाईबद्दल तुम्हा-आम्हा दोघांपेक्षा त्यांना जास्त माहिती असेल. पण 'माझा आवडता प्राणी' म्हटलं की पोरांना वाटतं सरांना गाइडमधली गाय हवीय, मग ते बिचारे ती देतात. तुम्ही एकदा नुसतं विचारून बघा, तुझ्या गाईचं नाव काय, ती कुणाला मारते आणि कुणाला मारत नाही, पान्हा चोरते का, व्याली त्या रात्री घरात कोण कोण जागं होतं. विचारल्यावर वर्गात जो गलका होईल ना तो होऊ द्या पाच मिनिटं, आणि मग म्हणा, आता जे बोललात तेच लिहा. विषय देण्यापेक्षा प्रश्न द्यावा असं मी अनुभवाने सांगते.

एकदा मी सहावीला प्रश्न दिला होता, घरात अशी कुठली वस्तू आहे जी फक्त एकाच माणसाची आहे. बारा मिनिटं दिली, मी कायम बारा मिनिटंच देते कारण त्याहून कमी दिली तर हात चालू होईपर्यंत वेळ संपते आणि जास्त दिली तर खिडकीकडे बघणं सुरू होतं. एक मुलगा होता, वडील केळीच्या कापणीच्या टोळीत. आमच्याकडे केळी म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं, घड कापला की दांड्यातून चीक गळतो, तो पाण्यासारखाच दिसतो पण कपड्यावर वाळला की काळपट तपकिरी डाग पडतो आणि तो काही केल्या निघत नाही. त्या पोराने लिहिलं होतं:

"आमच्या दाराच्या मागे खिळ्याला पप्पांचा केळीचा शर्ट असतो. त्याच्यावर काळे डाग आहेत. मम्मी म्हणते चिक जात नाही. पप्पा घरी आले की आधी तो शर्ट काढतात मग मला जवळ घेतात. एकदा ते विसरले तेव्हा माझ्या शाळेच्या शर्टाला पण डाग पडला. तो मी अजून घालतो."

मी वाचलं आणि मान वर करून त्याच्याकडे बघितलं तर डाव्या खांद्यापाशी खरंच डाग होता. जून महिन्यापासून मी तो रोज बघत होते आणि मला वाटायचं पोरगं अस्वच्छ येतं शाळेत. सर, एका पोराच्या शर्टावरचा डाग मला सहा ओळींनी समजावून सांगितला, हे सुख मी आजवर दुसऱ्या कुठल्या कामात बघितलेलं नाही.

त्याच्या परवानगीने ते मी वर्गात मोठ्याने वाचलं. 'छान, शाब्बास' काही म्हटलं नाही, नुसतं विचारलं की डाग पडला तेव्हा मम्मी काय म्हणाली. तो म्हणाला, काही नाही, हसली. मी म्हटलं, मग ते राहिलं की लिहायचं. त्याने वही ओढून घेतली आणि लिहिलं. बाकीच्या पोरांनी हे सगळं बघितलं, त्यांच्या लक्षात आलं की आपल्या घरातलं साधं काहीतरी बाई इतकं मन लावून ऐकतात, पुढच्या शनिवारी एकाही वहीत गाइड नव्हतं. तेव्हा सुरुवातीला तुम्ही स्वतः खरंच जाणून घ्यायला उत्सुक असा, आणि ते बारा मिनिटं फळ्याशेजारी उभं न राहता तुम्हीही खुर्चीत बसून लिहा आणि नंतर आपलं वाचून दाखवा. मुलांना त्याचं फार अप्रूप असतं.

आमची सातवीची मुलं 'सुचतच नाही' म्हणून बसून राहतात. काही खेळ वगैरे आहे का? – एक शिक्षिका, नाशिक

आहे, आणि तो माझा नाही. इटलीत जियान्नी रोदारी नावाचे मुलांसाठी लिहिणारे लेखक होते, आधी शिक्षक होते, १९७० साली त्यांना बालसाहित्यातलं मोठं अँडरसन पारितोषिक मिळालं. ते म्हणायचे की एकटा शब्द निजलेला असतो, त्याच्याशेजारी दुसरा अगदी लांबचा, अनोळखी शब्द आणून बसवला की दोघंही जागे होतात. त्यांचं उदाहरण कुत्रा आणि कपाट असं होतं. आता हे आपल्या मराठीत किती मस्त बसतं बघा, कपाटातला कुत्रा, कपाटावरचा कुत्रा, कुत्र्याचं कपाट, कुत्र्यासाठी कपाट, कपाटासकट कुत्रा. शब्दयोगी अव्ययं आणि विभक्ती, जे व्याकरणाच्या तासाला पोरांना जांभया आणतं, तेच इथे एकेक नवी गोष्ट काढून देतं. कुत्र्याचं कपाट म्हटलं की लगेच प्रश्न येतो, त्यात तो काय ठेवत असेल.

करायचं असं की प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एक वस्तू लिहायची, चिठ्ठ्या डब्यात, एकेकाने दोन उचलायच्या. आमच्या एका मुलीला 'झोका' आणि 'एसटी' आलं. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि लिंबाला, म्हणजे कडुनिंबाला, झोके बांधतात. त्या मुलीने झोक्याची एसटी केली. लिंबाखाली कंडक्टर उभा, माहेरी जाणाऱ्या बायकांनी तिकीट काढायचं, झोका उंच गेला की वरून आपापलं माहेर दिसतं, दिसलं की तिथेच उतरायचं. एका म्हातारीला कुठेच माहेर दिसेना तर कंडक्टर म्हणाला, बसा आजी, परत एकदा उंच नेतो, पैसे नको.

मी विचारलं, म्हातारीचं माहेर का दिसत नव्हतं गं? ती म्हणाली, तिथे आता कोणीच नाही ना राहत. सातवीतली मुलगी. चिठ्ठ्यांनी तिला फक्त दार उघडून दिलं, आतलं सगळं तिचं स्वतःचं होतं, म्हणून हा खेळ मला आवडतो. पण महिन्यातून एकदाच घ्या, रोज घेतला तर पोरं नुसती चमत्कारिक जोड्या लावण्यात रमतात.

मुलं घरी अहिराणी बोलतात आणि वहीतही ती उतरते. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर विचारू नका. मी लाल पेनाने दुरुस्त करून देते पण मग पुढच्या वेळी ती अजूनच कमी लिहितात. काय करावं? – एक शिक्षिका, शिरपूर

ताई, तुम्ही पत्रातच उत्तर लिहिलंय की, दुरुस्त केल्यावर कमी लिहितात. मीही पहिली तीनचार वर्षं हेच केलं आणि त्यात माझा एक चांगला लिहिणारा मुलगा कायमचा गप्प झाला, दीड पान लिहिणारा पोरगा चार ओळींवर आला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. पोराने आजोबा वारले ते लिहिलं होतं आणि मी 'आजोबा' शब्दाखाली काही नाही पण 'निघुन' खाली लाल गोल केला होता.

आता मी दोन वह्या ठेवते. कच्च्या वहीला लाल पेन लागतच नाही. त्यातलं जे त्या मुलाला स्वतःला आवडेल ते महिन्याच्या शेवटी पक्क्या वहीत उतरवायचं, आणि तेव्हा आम्ही दोघं शेजारी बसून शुद्धलेखन बघतो, आणि एका वेळी चारच शब्द, त्याचे नेहमी चुकणारे. आपलं लिखाण आता दुसरे वाचणार म्हटल्यावर पोरं स्वतःच विचारायला येतात, बाई, 'पाणी'ला कुठली वेलांटी. अगदी न मागता.

बोलीचं म्हणाल तर माझा साधा नियम आहे, माणसं बोलतील ती त्यांच्या भाषेत बोलतील. एका मुलाने लिहिलं होतं, 'माझी आई घरी आली व ती माझ्यावर रागावली.' मी विचारलं, ती नेमकं काय म्हणाली? तो जरा लाजला आणि म्हणाला, "कोठे व्हता रे तू? बठ्ठा गाव धुंडी उनू मी." म्हणजे, कुठे होतास रे तू, सगळा गाव शोधून आले मी. मी म्हटलं, हेच लिही. ते लिहिल्याबरोबर आई दारात उभी राहिली, पदराने घाम पुसत. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, ती परीक्षेला लागते, नोकरीला लागते, त्यात मी कधी ढिलाई केली नाही. पण आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर त्या ओव्या म्हणायच्या, घरच्यांनी ऐकून त्या टिपून ठेवल्या आणि त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघालं, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसकट. टिपून घेणाऱ्यांनी आधी त्यांची बोली दुरुस्त करून घेतली असती तर? मला तर नुसता विचार करूनही धस्स होतं.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे, कविता करते पण वही लपवते. मी चुकून वाचली, फार सुंदर आहेत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का? तिला प्रोत्साहन मिळेल. – एक आई, पुणे

नका टाकू. वही आहे तिथे ठेवून द्या. वाचली हे मात्र तिला सांगून टाका, सॉरी म्हणा आणि त्यातली कुठली ओळ तुम्हाला आवडली तेवढं एकच सांगा. दाखवायचं तेव्हा ती दाखवेल. तोवर घरात कवितेची पुस्तकं हाताशी राहू द्या, आणि 'किशोर' मासिक लावा, बालभारती १९७१ पासून काढते आहे आणि जुने अंक इंटरनेटवरही वाचायला मिळतात.

शाळेत हस्तलिखित काढायचं म्हणतोय, पण सहकारी म्हणतात आजकाल कोण वाचणार, फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाका. – एक मुख्याध्यापक, अमळनेर

सर, तुम्ही अमळनेरचे आणि हे मला विचारताय! तुमच्याच गावात प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते, वसतिगृहाची मुलं सांभाळायचे आणि त्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक हाताने लिहून काढायचे. दैनिक, म्हणजे रोज! मी तापीच्या या काठाला राहते, पण ही गोष्ट आठवली की मला कायम आपल्या भागाचा अभिमान वाटतो.

हस्तलिखित काढाच. एकच प्रत काढा, म्हणजे ती एका घरातून दुसऱ्या घरात जाईल. आम्ही त्याला मागे चार कोरी पानं शिवायचो, घरच्यांनी वाचून दोन ओळी लिहायच्या म्हणून. एका आजीने अंगठा उठवला होता आणि खाली नातवाने लिहिलं होतं, 'आजीला वाचून दाखवली, दोनदा.' ग्रुपवर फोटो टाकला की अंगठे पुष्कळ येतात, पण असा नाही येत. आणि हो, चांगल्या अक्षरवाल्या दोन मुलींकडूनच सगळं लिहून घेऊ नका, ज्याचं त्याच्या अक्षरात असू द्या, वाकडं असलं तरी.

मुलगा आठवीत आहे, निबंध चॅटजीपीटीकडून लिहून घेतो. भाषा उत्तम असते, मार्कही पडतात. मग अडवावं का? – एक वडील, ठाणे

अडवा, पण ओरडून नको. आमच्या वेळी हेच काम गाइड करायचं. तुम्ही त्याला असं काहीतरी विचारा जे त्या मोबाईलला माहीतच नाही. तुमच्या घराच्या जिन्यात संध्याकाळी कुठल्या मजल्यावर कशाचा वास येतो. तुमचा आणि त्याच्या आईचा शेवटचा वाद कशावरून झाला आणि तो कुणी मिटवला. तो लिहील तेव्हा भाषा उत्तम नसेल, अडखळेल, पण त्या जिन्यात तोच चढला-उतरलाय. आणि लिहिलं की तुम्ही वाचा, टीव्ही बंद करून. मार्कांची काळजी वाटत असेल तर सांगते की दहावीच्या मराठीतही उपयोजित लेखनात कथालेखन असतं, शब्द देतात, अर्धी गोष्ट देतात, पुढचं स्वतः लिहायचं. तिथे मोबाईल नसतो.

ताई, सत्तावीस वर्षं हेच करताय. तुम्हाला यातून काय मिळालं, खरं सांगा. – एक वाचक, औरंगाबाद रोड, जळगाव

मला वाचायला मिळालं. दर आठवड्याला तीसचाळीस माणसांचं, जे त्याआधी जगात कुणीच वाचलेलं नाही असं. शनिवारी दुपारी पोळ्या उरकल्या की मी वह्या घेऊन ओसरीवर बसायचे आणि घरचे हाक मारायचे तरी ऐकू यायचं नाही. पण तुम्ही खरं सांगा म्हणताय तर एक मुलगी सांगते.

सालदाराची मुलगी. आमच्याकडे सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राहून काम करणारा गडी, आखाजी ते आखाजी असं साल असतं, आखाजीला हिशेब होतो आणि पटलं नाही तर कुटुंब बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या वावरात. ती पोरं तशीच शाळा बदलत राहतात. ही सातपुड्यातून आलेली पावरा आदिवासी मुलगी, घरी पावरी बोलायची, पाचवीत आमच्याकडे जून महिन्यात नाव घातलं आणि दिवाळीपर्यंत वहीत एक अक्षर नाही. कोरी वही द्यायची आणि मान खाली. मी वहीवर दर वेळी फक्त तारीख टाकायचे आणि परत द्यायचे, 'लिहिलं नाहीस' असं कधी म्हटलं नाही, पण आतून मला फार लागायचं की या पोरीपर्यंत आपण पोचत नाही आहोत.

डिसेंबरमध्ये एका शनिवारी मी प्रश्न दिला, तुम्ही कुठल्या झाडाखाली बसलाय. बाकीची पोरं लिहू लागली आणि पाच मिनिटांनी बघते तर हिचं पेन चाललेलं. मी मुद्दाम तिकडे गेले नाही. बारा मिनिटं झाली, घंटा झाली, पोरं दप्तरं उचलून पळाली, ही तशीच. मग मी हळूच मागे जाऊन उभी राहिले. वहीत लिहिलं होतं:

"पहिल्या वावरात चिंच होती. दुसऱ्या वावरात काहीच नव्हते. तिसऱ्या वावरात आंबा होता पण मालक मोजत होता. चौथ्या वावरात"

आणि तिथे थांबली होती. तिसऱ्या ओळीवर मी मनातल्या मनात तीनदा जाऊन आले. मालक आंबे मोजायचा, म्हणजे पडलेला आंबाही उचलायचा नाही, हे त्या पोरीने कुठे तक्रार म्हणून लिहिलंच नव्हतं. शिपाई दाराला कडी लावायला येऊन उभा राहिला. तिने माझ्याकडे बघितलं आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलली, "बाई, उरलेलं उद्या लिहू का?"

मी हो म्हटलं. उद्या रविवार आहे हे तिच्या ध्यानात नव्हतं, आणि खरं तर माझ्याही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमाराला दाराची कडी वाजली, बघते तर ही, सोबत धाकटा भाऊ कडेवर, आणि वही फ्रॉकच्या आत पोटाशी धरलेली, कारण बाहेर दव होतं. ओसरीवर बसून तिने चौथं वावर लिहिलं. त्यात लिंब होता, आणि त्याला झोका.